भुऱ्या कोणासाठी उठतो

दैवशाला माझ्या लॅबमध्ये रुजू झाली त्या दिवसापासून तिनं माझं डोकं खाल्लं आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी तिचं कौतुक करत सुटलो तर ते लाडानं चाललंय असं कोणाला वाटायला नको.

नवीन जालन्यात स्टेशनकडे जाताना बियाणे कंपन्यांच्या पाट्याच पाट्या लागतात. त्यातल्या एका मधल्या कंपनीची तपासणीची लॅब मी सांभाळतो. वर ऑफिस, खाली गोडाऊन आणि गोडाऊनच्या मागे दोन खोल्यांत आम्ही. कंपनी जे बी विकणार आहे त्यात एखादा रोग दडून बसलेला नाही ना, हे पाहायचं आमचं काम. कंटाळवाणं काम आहे, आणि मला तसंच ते आवडतं. ज्यांना रोज नवल हवं असतं त्यांनी दुसरीकडे नोकरी बघावी असं माझं मत आहे.

दैवशाला टेंभुर्णीची, धनगराघरची. तिचे वडील धुळाजी मेंढरं राखायचे. दिवाळी झाली की कळप घेऊन खाली गोदावरीकडे उतरायचे, शहागडच्या आसपास शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचे आणि पाऊस तोंडावर आला की घरी परतायचे. तिचं लहानपण निम्मं त्या कळपामागं गेलं. पुढं जालन्यात कॉलेज करून ती आमच्याकडे लागली, पण मेंढरामागची एक सवय काही सुटली नाही. संध्याकाळी मेंढरं वाड्यात शिरताना धुळाजी मोजायचे, ती बसल्यावर पुन्हा मोजायचे, आणि वर पोरीला मोजायला लावायचे. एकानं एकदा मोजलेलं त्यांच्या घरात मोजलेलं धरत नसत. ही बाई लॅबचा फ्रीज बंद करून जायची आणि जिन्यावरून परत यायची, फ्रीज बंद आहे का बघायला. दूध नासलंय का हे स्वतः वास घेऊन बघायची, वर मलाही वास घ्यायला लावायची.

एका हंगामात मिरचीच्या बियाण्यातला एक विषाणू पकडायला आम्ही नवी अँटिबॉडी मागवली. अँटिबॉडीचं काम एवढंच असतं, की आपल्याला नेमून दिलेला एक तुकडा ओळखायचा आणि तो गच्च धरायचा. त्या बियाण्यातून उगवलेल्या रोपाच्या पानाचा रस पट्टीवर उतरवला, त्यावर अँटिबॉडी सोडली, की तिनं जिथं धरलं तिथं रेघ उमटते. पहिल्याच पट्टीवर एकीच्या जागी दोन रेघा आल्या. एक खाली, साधारण हवी तिथं, आणि दुसरी वर, भलतीकडेच. आता यातली विषाणूची कोणती आणि उगाच उमटलेली कोणती, हे कळल्याशिवाय पुढे जाता येईना. इकडे विक्री बघणारा देवानंद दर तासाला खाली येऊन उभा राहायचा.

"दोन रेघा म्हणजे डबल चांगलं ना?" त्यानं विचारलं.

मी कपाळाला हात लावला. दैवशालानं त्याला स्टुलावर बसवलं.

"सर, आमच्या घरी भुऱ्या नावाचं कुत्रं हाय. संध्याकाळी मेंढरं यायच्या टायमाला ते फाटकाकडं पळतं. आता ते बाबासाठी पळून राह्यलं का कोल्हं आलं म्हणून, हे कसं वळखायचं? तर आधी त्याच्या नाकापुढं बाबाची घोंगडी टाकायची. नाक त्याच वासानं भरलं की मंग बाबासाठी ते उठणार न्हाई. तरीबी उठलं, त समजायचं, ते भलत्याच कशासाठी उठून राह्यलं."

"मंग घोंगडी कधी येऊन राह्यली?" देवानंद म्हणाला.

घोंगडी म्हणजे पेप्टाइड. अँटिबॉडी जो तुकडा ओळखते, नेमका तेवढाच तुकडा कारखान्यात बनवून विकत मिळतो. तो बर्फात घालून आला. बोटाएवढ्या नळीच्या तळाशी पांढरं काहीतरी होतं, धड दिसतही नव्हतं. पट्टीवर सोडण्याआधी अँटिबॉडीत हा तुकडा मिसळून ठेवायचा. धरण्याची जागा आधीच भरली की ती पट्टीवरच्या खऱ्या गोष्टीला धरत नाही आणि खरी रेघ गायब होते. जी उरते ती खोटी. माझ्या दृष्टीनं दोन नळ्या पुरे होत्या, एक साधी आणि एक तुकडा मिसळलेली. दैवशाला ऐकेना. तिनं तिसरी लावली, भलताच कुठला तरी तुकडा मिसळलेली.

"नुसतं काहीबी मिसळल्यानं रेघ गेली असन तर?" ती म्हणाली. "तिसरी नळी न्हाई लावली तर मला घास गिळत न्हाई, सर."

तेव्हापासून मी तिला 'तिसरी नळी' म्हणतो. पट्ट्या तयार झाल्या. साध्या नळीच्या पट्टीवर दोन रेघा, तिसऱ्या नळीच्याही दोन. मधल्या पट्टीवर वरची रेघ जागच्या जागी आणि खालची साफ गेलेली. देवानंद त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून खूष झाला.

"म्हणजे इथं काहीच न्हाई. बी चांगलं हाय."

"न्हाई सर," दैवशाला म्हणाली, "इथंच विषाणू हाय. रेघ गेली म्हणून तर कळलं की ती त्याचीच व्हती. तो कुठं गेला न्हाई. पट्टीवर जिथं व्हता तिथंच हाय. धरणाऱ्याचे हात भरलेत, म्हणून दिसत न्हाई एवढंच."

देवानंद डोकं खाजवत वर गेला. मी तो लॉट बाद करण्याचा कागद लिहायला घेतला आणि हे बोलणं विसरूनही गेलो. आज ते आठवलं की बरं वाटत नाही.

होळीच्या सुमाराला धुळाजी नाहीसे झाले.

कळप शहागडला होता. दुपारची वेळ, मेंढरं सावलीला बसलेली. बरोबर मुलगा परमेश्वर होता, दैवशालाचा थोरला भाऊ. धुळाजींनी घोंगडी त्याच्याजवळ टाकली, हातपाय धुऊन येतो म्हणाले आणि काठी घेऊन नदीकडे उतरले. ते परत आले नाहीत. काठी काठावर सापडली. नदीला पाणी होतं. भोयांनी जाळी टाकून पाहिली, पोलिसांत नोंद झाली, परमेश्वर खालच्या गावागावांतून हिंडून आला, पण माणूसही मिळाला नाही आणि मढंही मिळालं नाही.

मग कोणा ट्रकवाल्यानं सांगितलं, की तशाच फेट्याचा एक म्हातारा हायवेवरच्या हॉटेलात चहा पिताना दिसला. झालं. दैवशालाच्या आईनं, आसराबाईंनी, तो चहा धरून ठेवला. भावकीतले वडीलधारे रामकिसन घरी येऊन सांगून गेले, की कणकेचा पुतळा करून क्रिया उरकून घ्या, माणूस असं अधांतरी ठेवू नये. आसराबाई त्यांना म्हणाल्या, "चहा पिणाऱ्या माणसाची क्रिया करू?" आणि दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा मोठं कुंकू लावून पाण्याला गेल्या. हे मला दैवशालानं सांगितलं. सांगताना ती पिपेट पुसत होती, आणि ती पिपेट आधीच स्वच्छ होती.

मेंढरं भावकीत वाटून दिली. भुऱ्या घरी राहिला. पाऊसकाळभर तो जोत्याखाली पडून असायचा. दसरा झाला आणि एका संध्याकाळी तो उठला. दिवेलागणीला, कळप परत यायच्या वेळेला, फाटकाकडे पळत गेला, शेपूट हलवली आणि कोणाबरोबर तरी चालत यावं तसा सावकाश परत आला. तेव्हापासून रोज. गाव म्हणायला लागलं, की म्हातारा येतो.

"माय काय म्हणते?" मी विचारलं.

"माय म्हणती कोल्हं असन. न्हाईतर मुंगूस असन. कोल्हं असलं त बाबा कुठंतरी चहा पिऊन राह्यले, सर. आन बाबाच येत असले, असे कोणाला न दिसता, तर मंग ते नदीतच हायेत. मायचं सगळं त्या कुत्र्यावर येऊन बसलं. जेवत न्हाई धड. संध्याकाळ झाली की तिला थंडी वाजती."

मी या असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. माझा स्वभावच तसा आहे. मी तिला सांगितलं की कुत्र्याला वेळेची सवय असते, वेळ झाली की उठतं, त्यात काही नाही. तिला ते पटलं असं मला वाटलं. पुढच्या सोमवारी येते तर टेम्पोतून भुऱ्याला घेऊन आली आणि त्याला गोडाऊनच्या मागे बांधलं.

"हे काय?"

"निरोगी पान, सर," ती म्हणाली. "जिथं काही न्हाई तिथं रेघ येती का बघू."

भुऱ्या राखाडी, हडकुळा, एका कानाला जुनी जखम. आठवडाभर तो आमच्याकडे होता. रोज दिवेलागणीला मी काहीतरी निमित्त काढून मागच्या दारात जाऊन उभा राहायचो. बाहेर ऑटोंचा गोंगाट, स्टेशनवरची कर्कश घोषणा, आणि हा पंजांवर हनुवटी टाकून पडलेला. कानही हलवायचा नाही. वेळ तीच, कुत्रं तेच, पण उठणं नाही. शनिवारी ती त्याला परत घेऊन गेली आणि त्याच संध्याकाळी तिचा फोन आला. गावी पोचल्या पोचल्या तो उठला होता.

माझं सवयीचं म्हणणं तिथंच मोडलं. मला राग आला. कोणाचा ते सांगता येणार नाही.

"सर, तुम्ही टेंभुर्णीला या," ती म्हणाली. "मी बाबाची पोरगी हाय. मला जे पायजे तेच दिसन. बघायला दुसरं कोणीतरी पायजे."

कडाक्याची थंडी पडली होती तेव्हा मी मोटारसायकल काढून गेलो. ती आदल्या दिवशीच गेली होती. घर गावाच्या कडेला, पुढं अंगण, अंगणाच्या टोकाला मेंढरांचा रिकामा वाडा आणि बाभळीच्या काट्यांचं फाटक. फाटकाच्या आत हातपाय धुवायचा एक दगड, आणि भिंतीला लागून दुसरा, चपटा, बसायचा. धुळाजी तिथं बसायचे. आता तिथं कोणी बसत नव्हतं, मलाही बसू दिलं नाही.

आसराबाई उंच बाई, हाडापेरानं मजबूत, कपाळभर कुंकू. मला त्यांनी चहा दिला आणि थेट विषयाला हात घातला.

"सायेब, ही म्हणती, तिच्या लॅबीतली टेस कुत्र्याला लावायची. लावू द्या. एकदाचं समद्यांचं तोंड बंद होईन. पण ह्यांची घोंगडी मोकळी केली की वास जाईन, एवढंच वाटून राह्यलं."

घोंगडी त्यांनी बियाण्याच्या रिकाम्या पोत्यात घालून, तोंड शिवून, पेटीत ठेवली होती. त्या घरात एक रीत आहे. घरधनी मेंढरांमागं बाहेर असला की त्याची घोंगडी दुसऱ्या कोणी पांघरायची नाही, झटकायची नाही, उन्हाला टाकायची नाही. तो येऊन स्वतः झटकेल. ती तशीच होती.

"आज ती न्हाई काढायची," दैवशाला म्हणाली. "आज परमेश्वरदादाची."

तिसरी नळी.

दिवस कलला. परमेश्वरची घोंगडी जोत्यावर पसरली आणि भुऱ्याला तिच्यावर बसवलं. त्यानं वास घेतला, गोल फिरला आणि मुटकुळं करून पडला. चुलीचा धूर सरळ वर चढत होता. आम्ही चौघं दारात. मी मनात म्हणत होतो, की झोपू दे याला, झोपू दे.

भुऱ्यानं मान वर केली.

तो उठला आणि फाटकाकडे पळत गेला. काट्याची फांदी बाजूला ओढताना माणूस जेवढी जागा मागतो तेवढा मागे सरला. फांदी हलली नाही. मग तो वळला आणि चालायला लागला. सावकाश, मान एका अंगाला कललेली. हातपाय धुवायच्या दगडाशी थांबला. एखादा म्हातारा जेवढा वेळ पाय धुईल तेवढा वेळ थांबला. पुढं बसायच्या दगडापर्यंत गेला आणि तिथं खाली बसून मान उंच केली.

मी त्याच्यापासून फार लांब नव्हतो. उजेड होता अजून. त्याचा जखमेचा कान दबला. कुत्री भीतीनं कान पाडतात तसं नव्हे, एकच कान, हळूहळू, मागं, आणि सोडल्यासारखा वर आला. परत दबला. वारा असेल, असं मी मोठ्यानं म्हणालो. चुलीचा धूर अजून सरळच चढत होता, आणि तो आम्हा सगळ्यांना दिसत होता.

"कोल्हंच असन," आसराबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्या रात्री मी तिथंच राहिलो. झोप लागली नाही, ते थंडीमुळे असं सकाळी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपासूनच परमेश्वर उगाच वाड्याची काटी नीट करत बसला. दैवशालानं आईला पुन्हा एकदा समजावलं. आज बाबांची घोंगडी दिली आणि तरी भुऱ्या उठला, तर तो बाबांसाठी उठत नाही, दुसऱ्या कशासाठी तरी उठतो. मग रामकिसनकाकांना हात जोडून सांगायचं, की क्रिया करायची नाही, आम्ही वाट बघू. आसराबाईंनी मान हलवली. उठला नाही तर काय, हे त्यांनी विचारलं नाही आणि दैवशालानंही सांगितलं नाही. मी दोघींकडे बघत होतो. सांगायला हवं होतं असं मला वाटलं, पण मी उठलो आणि परमेश्वरच्या मदतीला गेलो.

उन्हं उतरल्यावर आसराबाईंनी पोत्याची शिवण उसवली. लोकर, घाम, तंबाखू आणि मेंढराचा वास अंगणभर पसरला. परमेश्वर तोंड फिरवून उभा राहिला. भुऱ्या जिथं होता तिथून एका झेपेत जोत्यावर आला. त्यानं घोंगडीत तोंड खुपसलं आणि लहान पिल्लू करतं तसा आवाज काढला. कितीतरी वेळ तो तिला हुंगत राहिला. शेवटी नाक घडीत घालून पडला आणि डोळे मिटले.

आम्ही वाट पाहिली. आदल्या दिवशी तो उठला ती वेळ आली. समोरच्या घरात दिवा लागला. भुऱ्या उठला नाही. मी फाटकाकडे बघत होतो, मग कुत्र्याकडे, मग परत फाटकाकडे. वेळ निघून गेली. त्याचे दोन्ही कान मोकळे होते आणि पोट संथ खालीवर होत होतं.

परमेश्वरनं मोठा श्वास सोडला.

"झालं. काही न्हाई. उगाच गावानं भेवाडलं. त्याला बाबाचा वास पायजे व्हता, तो भेटला, झोपला." तो चक्क हसला. "कोणी येत न्हाई अन् काही न्हाई."

माझाही जीव भांड्यात पडला. क्षणभरच. नंतर मला देवानंदचं बोट आठवलं, पट्टीवरच्या त्या कोऱ्या जागेवर ठेवलेलं. मी दैवशालाकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता. ती आईकडे बघत नव्हती.

"शाला," आसराबाई म्हणाल्या, "तू काऊन बोलून न्हाई राह्यली?"

"काही न्हाई माय. टेस बिघडली असन. थंडी लई हाय."

आमच्याकडे आल्यापासून ही बाई पहिल्यांदा खोटं बोलली. आणि तेही इतकं गुळमुळीत, की लहान पोरानंही ओळखलं असतं.

"सायेब, तुम्ही सांगा. तुमच्या लॅबीत असं झालं, रेघ गेली, तर तुम्ही काय समजता?"

मी सांगणार नव्हतो. खरंच नव्हतो. पण त्या माणसाच्या बायकोनं मला सरळ विचारलं होतं. मी दैवशालाकडे बघितलं. तिनंच तोंड उघडलं.

"असं समजतो माय, की आधी जे दिसत व्हतं ते बराबर त्याचंच व्हतं. दुसऱ्या कशाचं न्हाई."

परमेश्वरचं हसू जागीच विरलं.

आसराबाईंचा हात कपाळाकडे गेला आणि न लावताच खाली आला. मला वाटलं आता त्या हंबरडा फोडतील. त्यांनी फाटकाकडे पाहिलं. तिथं अंधारून आलं होतं.

"आन रेघ गेली म्हणजे ते बी जातं का?"

"न्हाई. ते असतं तिथंच. धरणारा गुतलेला असतो म्हणून दिसत न्हाई."

"म्हणजे आज बी आलेत," आसराबाई म्हणाल्या. "आन फाटकाशी उभे हायेत. कवाचे. आन आज त्यांना घ्यायला कोणी गेलं न्हाई."

दैवशालाच्या तोंडून हुंदका फुटला. मी बापडा दाराची चौकट धरून उभा.

आसराबाई आत गेल्या आणि तांब्या भरून घेऊन आल्या. पदर डोक्यावर घेतला. अंगण ओलांडून फाटकाशी गेल्या, काट्याची फांदी उचलून बाजूला केली आणि स्वतः एका अंगाला सरल्या, वाट देऊन.

"आवो, या," त्या म्हणाल्या. "कुत्रं झोपलंय आज. मी आले."

आवाज साधा होता, रोजचा. त्यांनी फांदी परत लावली आणि चालायला लागल्या. या उंच, धडधाकट बाईची चाल मी दिवसभर पाहिली होती. आता त्या पावलापावलाला थांबत होत्या, शेजारी कोणी हळू चालणारं असल्यावर थांबावं लागतं तशा. हातपाय धुवायच्या दगडावर त्यांनी तांब्या ओतला. पाणी दगडावरून मातीत गेलं. वाट पाहिली. मग बसायच्या दगडापर्यंत आल्या आणि त्याच्या पायथ्याशी खाली बसल्या.

"दमले असान," त्या म्हणाल्या. "लई चालावं लागलं."

यानंतर मी जे पाहिलं ते सांगतो, आणि त्यावर माझ्याशी कोणी वाद घालू नये. समोरच्या दिव्याचा उजेड भिंतीपर्यंत येत होता. आसराबाईंच्या डोक्यावरचा पदर दबला. हळूहळू, मागच्या बाजूला, आणि परत वर आला. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. जोत्यावर भुऱ्या घोंगडीत नाक घालून झोपलेला होता. या एका गोष्टीला मी दुसरी नळी लावली नाही, तिसरी तर नाहीच.

बऱ्याच वेळानं त्या उठल्या. आमच्याकडे आल्या तेव्हा पदराच्या टोकानं कपाळ पुसत होत्या. दुसऱ्या कोणी पुसायची वाट त्यांनी पाहिली नाही. पुसून झालं तरी तिथं एक तांबूस डाग राहिला होता.

"परमेश्वरा, सकाळी रामकिसनभावजींकडं सांगावा धाड," त्या म्हणाल्या. "क्रिया करून टाकू. पण पुतळा न्हाई करायचा. त्याच्या जागी ह्यांची घोंगडी हाय, ती ठेवू. आन सायेबांना भाकरी वाढा, कवापासून उभेच हायेत."

मी भाकरी खाल्ली. नाही म्हणायची हिंमत नव्हती. आसराबाई समोर बसून वाढत होत्या, आणि माझ्या ताटाशेजारी त्यांनी आणखी एक ताट वाढून ठेवलं होतं.

क्रिया झाली तेव्हा दैवशालानं सुटी घेतली, आणि संपल्यावर दुसऱ्याच दिवशी कामावर आली. डोकं खाणं पुन्हा सुरू. भुऱ्या आता संध्याकाळी उठत नाही, एवढं तिनं सांगितलं, मी पुढं विचारलं नाही. नवा हंगाम आला, नव्या मिरचीचे लॉट आले, पेप्टाइडची नवी नळी आली आणि तिनं न सांगता तीन नळ्या लावल्या. मधल्या पट्टीवरची खालची रेघ गेली, जायलाच हवी होती.

देवानंद नेहमीसारखा खाली आला. "इथं काही न्हाई ना?" त्यानं विचारलं.

पट्टी टाकून देण्याआधी दैवशालानं त्या कोऱ्या जागेला दोन बोटं लावली आणि ती बोटं कपाळाला टेकवली. देवानंद माझ्याकडे बघून हसला. मी त्याला म्हणालो, जरा बाजूला हो, वाटेत उभा आहेस.